गाऱ्हाण्याचे गाणे

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मंडळाच्या वाटचालीचा वृत्तान्त असतो, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली असते, उत्सवांची छायाचित्रे असतात. ते सर्व या अंकात अन्यत्र आलेच आहे. आम्ही येथे थोड्या निराळ्या गोष्टीचे स्मरण करू इच्छितो. गेली पन्नास वर्षे आपण व्यासपीठावर नांदी म्हटली, भारुडे रंगवली, एकांकिका बसवल्या. हौसेने एकत्र येऊन गाण्या-नाचण्याची ही रीत आपण महाराष्ट्रातून शिदोरीसारखी बरोबर आणली. पण या शिदोरीत आणखीही एक जिन्नस होता. जे दुःख एकट्याला उच्चारता येत नाही ते दहाजणांनी मिळून गावे, ऐकणाऱ्यास त्यातला अन्याय उमजावा आणि भोगणाऱ्याचे मन हलके व्हावे, हा तो जिन्नस. तो आपण कितपत जपला, याचा विचार करण्यास सुवर्णमहोत्सवासारखा प्रसंग नाही.

आरंभ आपल्या दारापासूनच करू. ज्या मल्लेश्वरमात आपण राहतो, त्या वस्तीची भरभराट एका मोठ्या दुखण्याशी निगडित आहे. १८९८ साली बंगळूरात प्लेग शिरला. जुन्या पेठांतील दाट, कोंदट वस्ती सोडून लोकांनी मोकळ्या हवेत राहावे, म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहतींना वेग आला. हीच साथ १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात आली होती. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. आपल्या सरळ आखलेल्या ‘क्रॉस’ रस्त्यांवरून सकाळी फिरताना ही आठवण सहसा कोणास होत नाही.

त्याही आधीचे एक नाते आहे. काडू मल्लेश्वराच्या देवळाशी निगडित १६६९ सालच्या शिलालेखात, शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी मल्लपूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. हेच एकोजी पुढे तंजावरास गेले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तेथील दरबारात मराठी नाटके रचली. ती नाटके दरबारी होती. राजाने लिहावीत, गुणिजनांनी सादर करावीत आणि मानकऱ्यांनी पाहावीत, असा तो थाट होता. गावकुसाबाहेरचा माणूस त्या रंगमंचावर स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन उभा राहणे अद्याप फार दूर होते.

मात्र दरबार आणि रंगमंच यांपासून दूर, घराघरांत एक रंगमंच पूर्वीपासून होताच. पहाटेच्या अंधारात दोघी बायका जात्याला समोरासमोर बसत. एकीने ओवीचा पहिला चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा, असे दळण चाले. सासरचा जाच, माहेरची ओढ, सवतीचे दुःख, गेलेले मूल हे सारे त्या जात्यापाशी बोलले जाई. सासू जागी असली तरी ओवीला हरकत घेता येत नसे, कारण ती गाण्याची रीत होती. हेमा रायरकर आणि गी पॉइट्व्हॅं या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एकीने रचलेली ओवी दुसरीने आपल्या दुःखाप्रमाणे थोडी बदलून घेतली, म्हणून बहुतेक ओव्यांना कर्ती अशी नाहीच. सामुदायिक कलेचे आणि मन हलके करण्याचे इतके जुने उदाहरण दुसरे सापडणे कठीण. उणीव एवढीच, की पीठ झाले की गाणे संपे आणि जाच दुसऱ्या दिवशी तसाच सुरू राही. दुःख बोलले गेले, पण ते ज्याने ऐकावे त्याच्या कानांपर्यंत गेले नाही.

हे गाऱ्हाणे चव्हाट्यावर आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालच्या सांगलीतल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकापासून मानतो. विष्णुदास भावे यांना त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून झाली, हे कर्नाटकात राहणाऱ्या आपण तरी विसरता कामा नये. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भोळा कुणबी, त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहदशेचे भय घालून लुबाडणारा जोशी आणि मधूनमधून प्रेक्षकांशी बोलणारा विदूषक, असा त्याचा संसार आहे. शेवटी ते नवराबायको शिकावयास निघतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले आणि त्या काळी ते रंगभूमीवर आलेच नाही. तरीही पुढच्या साऱ्या प्रवासाची दिशा त्यात आहे: ज्याचे दुःख, तोच नाटकाचा नायक, आणि नाटक जेथे संपते तेथे शाळेचे दार उघडे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच्या कार्यकर्त्यांना लवकरच उमजले, की छापील पुस्तके निरक्षर शेतकऱ्यापर्यंत पोचत नाहीत, पण ढोलकीचा आवाज पोचतो. त्यांनी तमाशाचा साचा उचलला. गण, गौळण, बतावणी, वग यांची चौकट लोकांच्या ओळखीची होती. तिच्यातली शृंगारिक लावणी बाजूस सारून सावकारी, कर्ज काढून केलेली लग्ने, अडाणीपणा, भिक्षुकशाहीची पिळवणूक असे विषय त्यांनी तीत भरले. हाच सत्यशोधक जलसा. करणारे शेतकरी, पाहणारेही शेतकरी. दिवसा नांगर धरणारा रात्री सोंगाड्या होई, आणि सोंगाड्या जे बोले ते समोर बसलेल्याच्या घरात कालच घडलेले असे. लोक खदखदा हसत आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येई, की आपण आपल्यालाच हसलो.

येथे एक खबरदारी सांगणे आम्हांस प्राप्त आहे. एकत्र गायले म्हणजे ते न्यायाचेच असते, असे नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभीच्या काळात, १८९४ पासून, पुण्यात मेळ्यांची चढाओढ लागली. त्यांनी तरुणांना संघटित केले, देशप्रीती जागवली, हे खरेच. पण त्यांतील काही मेळ्यांच्या पदांनी ताबुतांत जाणाऱ्या हिंदूंना टोमणे मारले आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत अंतर पाडले. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्यांनी ब्राह्मणी वर्चस्वावर हल्ला चढवला, तेव्हा दोन्ही बाजूंची पदे अनेकदा वैयक्तिक निंदेवर उतरली. गाणे ही शक्ती आहे. ती जखमेवर फुंकर घालू शकते तशी जखम करूही शकते. ज्या मंडळांचा सारा संसार गणेशोत्सवाभोवती आहे, त्यांनी हे विशेष ध्यानी ठेवले पाहिजे.

जलशाला सर्वांत मोठे तेज चढले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब काय म्हणतात हे प्रत्येक वस्तीला कळावे कसे? वर्तमानपत्र वाचणारे थोडे, सभा शहरांत. हे काम भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेक जलसाकारांनी अंगावर घेतले. पेटी, ढोलकी, तुणतुणे आणि चार-सहा गडी एवढ्या सामानावर ते नाशिक जिल्ह्यातून खेडोपाडी आणि मुंबईच्या चाळींपर्यंत गेले. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शाळेत घाला, पाणवठ्यावर आपला हक्क सांगा, असे साधे धडे त्या वगांत असत. मराठीत जलसा या शब्दाने एरवी गाण्याची बैठक सूचित होई. तो शब्द आता एका संपूर्ण समाजाच्या जागृतीचा शब्द झाला. पुढे वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी ही परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, नव्हे त्याही पुढे नेली.

जलशाने काय साधले, याचा विचार करताना आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना खाली मान घालून चालावे लागले, ते फळीच्या का होईना, उंचवट्यावर उभे राहिले आणि गाव खाली बसून त्यांचे ऐकू लागले. अपमानाचे दुःख असे असते, की ते भोगणाऱ्यासच आपण काही चुकलो असे वाटू लागते. दहाजणांनी मोठ्या आवाजात तेच दुःख गायले म्हणजे चूक कोणाची, हे उलगडते. औषध असते ते या उलगड्यात.

याच वाटेवरून १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक निघाले. वाटेगावहून पोटासाठी मुंबईस आलेले अण्णा भाऊ गिरणी कामगारांत वाढले. बंगालचा दुष्काळ, कामगारांचे संप, संयुक्त महाराष्ट्राचा लढा असे विषय त्यांनी शाहिरीत आणि लोकनाट्यांत आणले. घरधनीण गावी ठेवून मुंबईत राबणाऱ्या गड्याचा विरह त्यांनी एका छक्कडीत असा मांडला, की ती एकाच वेळी नवराबायकोची आणि दुभंगलेल्या प्रदेशाची कहाणी झाली. सीमाप्रश्नाच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण घर सोडून दूर आलेल्या आम्हां माणसांना त्या छक्कडीतला विरह वेगळ्याने समजावून सांगावा लागत नाही. समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाचेही कलापथक होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरीचा विठोबा हरिजनांना खुला व्हावा म्हणून साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले. त्या काळी सेवा दलाच्या मुलामुलींनी समतेची गाणी गावोगाव नेली. मुलगे आणि मुली एका व्यासपीठावर उभे राहतात, ही गोष्टच तेव्हा कित्येक गावांना नवी होती.

आता आपण आपल्या मंडळाच्या आयुष्याशी येऊन भिडतो. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. १९८३ मध्ये संघटनेच्या ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लोकांपुढे आले. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, शिकणाऱ्या अशा बायकांनीच ते केले. पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करीत. पडदा नाही, नेपथ्य नाही. चाळीच्या पटांगणात, शाळेच्या व्हरांड्यात, देवळासमोर, जेथे जागा मिळेल तेथे खेळ. मुलीच्या जन्मापासून तिच्या लग्नापर्यंत आणि लग्नानंतरच्या हालांपर्यंतची गोष्ट लोकगीतांच्या ओळखीच्या चालींवर पुढे सरके. हुंड्यापायी जळून गेलेल्या सुनांच्या बातम्या त्या वर्षांत वरचेवर येत होत्या. त्याच १९८३ साली सासरच्या छळाबद्दल शिक्षा सांगणारे ४९८-अ हे कलम भारतीय दंड संहितेत आले. नाटकाचे महाराष्ट्रात शेकडो प्रयोग झाले आणि ते इतर भारतीय भाषांतही गेले.

या नाटकाच्या इतिहासात आम्हांस सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो प्रयोग संपल्यावरचा. खेळ आटोपून मंडळी सामान बांधू लागली, की प्रेक्षकांतील एखादी बाई घुटमळत राही आणि मग आपली हकीकत सांगू लागे. एका गावी एक, दुसऱ्या गावी चार. या बायकांना नुसती टाळी घेऊन सोडून जाणे संघटनेला शक्य झाले नाही. १९८५ पासून तिने कौटुंबिक सल्ला केंद्रे उघडली, तेथे समुपदेशन आणि कायद्याचे साह्य मिळू लागले. नाटकाने जखम बोलती केली, केंद्राने तिच्यावर उपचार केला. ‘तृतीय रत्न’च्या शेवटी जसे शाळेचे दार होते, तसे येथे सल्ला केंद्राचे दार झाले.

येथे आम्हांस आपल्याच मंडळाची एक आठवण सांगणे भाग आहे. ती गौरवाची नाही. नवव्या दशकाच्या अखेरीस आपल्या महिला शाखेने सुनेच्या छळावर, स्वतःच लिहिलेला, अर्ध्या तासाचा एक प्रवेश गणेशोत्सवात करावयाचे ठरवले. तालमी मल्लेश्वरमातल्याच एका घराच्या गच्चीवर झाल्या. सणासुदीला हे रडगाणे कशाला, असे काही ज्येष्ठांनी विचारले. पण बायकांनी ऐकले नाही. प्रयोग चांगला झाला, टाळ्या पडल्या. प्रसादाची पाने आवरल्यावर, नुकतीच लग्न होऊन या शहरात आलेली एक मुलगी मागे रेंगाळली. आमच्यापैकी एका ज्येष्ठ बाईंपाशी येऊन तिने हळूच विचारले, “वहिनी, तुमच्या नाटकातली ती सून घर सोडून निघते. ती पुढे कुठे जाते हो?” वहिनींना उत्तर सुचले नाही. आम्ही कोणीच ते आधी ठरवले नव्हते. दिवे घालवण्यास शेवट चांगला होता, एवढेच आम्ही पाहिले होते. आम्ही त्या मुलीला चहा दिला, “होईल हो सगळे ठीक” म्हणालो आणि रिक्षात बसवून दिले. थोड्याच महिन्यांत तिच्या यजमानांची बदली होऊन ते कुटुंब दूर गेले. तिचे पुढे काय झाले, आम्हांस कळले नाही. तिचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला आहे.

नाटकांनी जग बदलते असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. आकडे कठोर आहेत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगतपासणीस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सर्वांआधी केला होता. मुलीच्या जन्माचे नाटक पाहून डोळे पुसणाऱ्यांच्याच काळात मुलींचे जन्म घटत गेले, हे मान्य केले पाहिजे. ज्या सुशिक्षित, सुखवस्तू घरांत तपासणीचे पैसे होते, त्या घरांत जलसा कधी शिरलाच नव्हता. त्या घरांचे व्यासपीठ आपल्यासारख्यांच्या मंडळांचे होते आणि तेथे आपण बहुतेक वेळा विनोदी एकांकिकाच केल्या.

हे सारे महाराष्ट्रातले झाले. परंतु आपण राहतो त्या गावातही हाच प्रवाह वाहत होता आणि तो आपल्या अगदी शेजारून गेला. १९७५ याच वर्षी कर्नाटकात ‘समुदाय’ ही नाट्यचळवळ उभी राहिली. बिहारमधील बेलछी येथे १९७७ मध्ये दलितांचे हत्याकांड झाले, त्यावर ‘समुदाय’ने केलेले ‘बेलची’ हे पथनाट्य कर्नाटकातल्या रस्त्यारस्त्यांवर झाले. त्याच १९७५ साली कवी सिद्धलिंगय्या यांचा ‘होलेमादिगर हाडु’ हा कवितासंग्रह आला आणि त्यातील कविता दलित संघर्ष समितीच्या मोर्चांत गाणी म्हणून गायल्या गेल्या. सिद्धलिंगय्या ज्या श्रीरामपुरात वाढले ते मल्लेश्वरमला लागून आहे. आज संपिगे रोडवरून मेट्रोत बसले तर ते पुढचेच स्थानक. नाशिकच्या जलशात जे गायले गेले, तेच येथे कन्नडात गायले जात होते. आपण मात्र तेव्हा एका स्थानकाच्या अंतरावर आपल्या नाटकांच्या तालमी करीत होतो आणि ते आपल्या कानी आले नाही.

अलीकडची दोन उदाहरणे द्यावयास हवीत. सौंदत्तीच्या यल्लम्मेला जाणारे भाविक कोल्हापूर-सांगलीकडचेही असतात आणि कर्नाटकातलेही. तिच्या जोगत्या-जोगतिणींना दोन्हीकडे लोक हात जोडतात आणि दोन्हीकडे दूरही ठेवतात. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती यांना घरच्यांनी दुरावल्यावर जीव नकोसा झाला होता. त्यांना तारले जोगती नृत्याने आणि काळव्वा जोगती यांच्या कलापथकाने. पुढे त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकटीला जगणे अशक्य झाले असता पथकात नाचताना जगण्याला आधार मिळाला, ही त्यांच्या जीवनाची कहाणी आमच्या विवेचनाचे सार आहे. दुसरे उदाहरण चित्रकलेचे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य केले. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, बंगळूरात पूर्णिमा सुकुमार यांनी ‘अरावणी आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. तृतीयपंथी स्त्रिया आणि इतर स्त्रिया मिळून शहरातल्या भिंती रंगवितात. ज्या रस्त्यावर लोकांनी हटकले, हिणवले, त्याच रस्त्यावर परांचीवर चढून, हातात कुंचला घेऊन त्या उभ्या राहतात. येणारे-जाणारे थांबतात, विचारतात, बोलू लागतात. २०२४ मध्ये या चित्रकर्त्यांनी व्हेनिसच्या जगप्रसिद्ध द्वैवार्षिक प्रदर्शनातही आपले भित्तिचित्र रेखाटले. जलसाकार फळीवर चढला तेव्हा जे घडले, तेच येथे भिंतीपाशी घडते.

या दीडशे वर्षांच्या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी शिकलो. पहिली, ज्याचे गाऱ्हाणे त्याचा हात त्या कलाकृतीस लागला पाहिजे. आपण दुसऱ्याच्या दुःखाचे नाटक करणे आणि त्याच्यासह करणे यांत फार अंतर आहे. दुसरी, रूप लोकांच्या ओळखीचे हवे. ओवी, भारूड, वग, रांगोळी, ज्यात पाहणाराही सहज सामील होईल असे. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रयोगानंतरचे दार. ती पुढे कुठे जाते, याचे उत्तर तयार नसेल तर प्रयोगास हात घालू नये, इतक्या निकराने आम्ही हे म्हणतो.

मग आपल्या मंडळाने काय करावे? आपल्या सभासदयादीत कोण आहे, हे पाहण्याआधी कोण नाही, हे पाहावे. सांगली-खानापूर भागातून सोने गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले गलाई बांधव या शहरातही आहेत. ते आपल्या वर्गणीदारांत कधीमधी दिसतात, व्यासपीठावर क्वचितच. आपल्या घरांत स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका कन्नड, तमिळ, तेलुगू गाणी जाणतात. वर्षातून एक संध्याकाळ त्यांच्यासह, त्यांच्या भाषांत आणि आपल्या भाषेत, एकच जलसा बसवता येणार नाही काय? त्यातली गाऱ्हाणी कदाचित आपल्याविरुद्धच असतील. तीही आपल्याच व्यासपीठावरून ऐकण्याचे धैर्य आपण दाखवू शकलो, तर पन्नास वर्षांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आणि दाराची सोय आता पूर्वीइतकी दुर्घट नाही. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. बंगळूर पोलिसांच्या आश्रयाने १९९९ पासून ‘वनिता सहायवाणी’ सुरू झाली. देशभर १८१ हा महिला मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. मंडळाने दोन-तीन जाणत्या भगिनींना याची नीट माहिती करून द्यावी आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी त्या दाराशी उभ्या असाव्यात. कोणी रेंगाळलीच, तर तिला चहा अवश्य द्यावा आणि चहा घेता घेता तिच्या प्रश्नाचे उत्तरही द्यावे.

काडू मल्लेश्वराच्या देवळापाशी कार्तिकात शेंगांची जत्रा भरते. आपण मुलाबाळांसह तेथे जातो, ऊन ऊन शेंगा फोडतो, गर्दीत एखाद्याशी मराठीत बोलणे झाले की हरखतो. दूरदेशी माणूस भाषेसाठी एकत्र येतो, यात वावगे काही नाही. पण ज्या भाषेत एकत्र यावयाचे, तिने हसण्याबरोबर गाऱ्हाण्यासही जागा ठेवली पाहिजे. ती तशी ठेवत आली आहे, याचा इतिहास आम्ही यथामती वर सांगितला. तिच्या व्यासपीठावरून पुढची पन्नास वर्षे कोणकोण गाईल, हे आता तरुण सभासदांनी ठरवावयाचे आहे. एवढे नम्रपणे सुचवून आम्ही लेखणी खाली ठेवतो.